'निषेध', 'नापसंती' की 'ठपका'? ठरावातील एका शब्दाविषयी

ग्रंथपेटी :

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका ब वर्ग सार्वजनिक वाचनालयाची मी सचिव आहे. गेल्या पावसाळ्यात एका स्थानिक कार्यालयाने आमचा मुक्त वाचन कक्ष काही दिवसांसाठी साहित्य ठेवण्याकरिता मागून घेतला. तेवढे आम्हाला मान्य होते. परंतु कक्षातील जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आम्हाला न कळवता मागच्या पडवीत हलवण्यात आले आणि दोन रात्रींच्या पावसात त्यातले त्रेचाळीस खंड भिजले. काही खंडांची पाने एकमेकांना अशी चिकटली आहेत की ती सोडवताना अक्षरेच निघून येतात.

कार्यकारी मंडळाच्या सभेत या प्रकाराविषयी ठराव करायचे सर्वानुमते ठरले, पण ठरावात कोणता शब्द घालायचा यावर दीड तास चर्चा होऊन सभा तहकूब झाली. 'ही सभा निषेध करते' असे लिहावे, असे माझे म्हणणे. एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते 'निषेध' हा मोर्चातला शब्द आहे, वाचनालयाने 'नापसंती' लिहावी. तिसरे म्हणाले, आपण 'ठपका' ठेवू. चौथ्यांनी 'खेद' सुचवला, कारण त्याच कार्यालयाशी आपल्याला पुढेही काम पडणार आहे.

अनुदानाचा किंवा संबंधांचा प्रश्न बाजूला ठेवून मला आधी शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायचा आहे. निषेध म्हणजे नेमके काय, तो कोणी कोणाचा करायचा, आणि नापसंती, खेद, ठपका, धिक्कार, निंदा यांच्यापासून तो वेगळा कशाने होतो? येथे भाषेचे आणि कार्यालयीन कामकाजाचे जाणकार पुष्कळ आहेत. कृपया सविस्तर लिहावे.

विधिनिषेध :

ताई, आपण मुळापासून विचारले आहे, म्हणून मुळापासून लिहितो. संस्कृत शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली.

'सिध्' धातूचा अर्थ जाणे. त्याला 'नि' हा उपसर्ग लागला की परतवून लावणे, अडवणे, मना करणे असा अर्थ होतो. उपसर्गातील इकारामुळे 'स'चा 'ष' होतो, म्हणून 'निषेध' असे लिहायचे, 'निशेध' नव्हे. 'निषिद्ध' हा त्याच घरातला शब्द. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई, आणि मनाई करणारा तसा अधिकार असलेला असतो. मीमांसाशास्त्रात, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या शास्त्रात, वेदवाक्यांचे पाच विभाग मानले आहेत : विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद (स्तुती किंवा निंदा करणारी वाक्ये). 'हे कर' असे सांगणारा तो विधी आणि 'हे करू नको' असे सांगणारा तो निषेध. 'न कलञ्जं भक्षयेत्' (कलंज खाऊ नये) हे त्याचे ठरलेले उदाहरण. येथे कोणाबद्दल नाराजी नाही, रोष नाही. शास्त्र आज्ञा देते आणि माणसाने त्या कर्मापासून निवृत्त व्हायचे असते.

मराठीने हा अर्थ सोडलेला नाही. 'त्याला कशाचाच विधिनिषेध नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा काय करावे आणि काय करू नये याची त्याला चाड नाही, असेच आपल्याला म्हणायचे असते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही 'निषेध'चा अर्थ मनाई असाच आहे. मात्र आज 'मी याचा निषेध करतो' या वाक्यातून कोणताही मराठी माणूस 'मी यास मनाई करतो' असा अर्थ काढणार नाही. शब्दाचा मुख्य अर्थ आपल्याकडे बदलला आहे आणि तो बदल साधा नाही. मनाई करणारा अधिकारी असतो. आजच्या अर्थाने निषेध करणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा अधिकार नसतो, आणि नसतो म्हणूनच तो निषेध करतो. राजाच्या तोंडचा शब्द प्रजेच्या तोंडी आला, असे मी वर्गात सांगत असे.

सीमाभाग :

विधिनिषेध सरांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. मी बेळगावचा. आमच्याकडे हा बदल रस्त्यावर दिसतो.

कन्नडमध्ये 'निषेध' म्हणजे आजही बंदी. एखाद्या वस्तूवर बंदी आली की कन्नड वर्तमानपत्रात 'निषेध' असे छापून येते आणि जमावबंदीच्या आदेशाला 'निषेधाज्ञे' म्हणतात. आपल्या अर्थाच्या निषेधाला तिकडे 'खंडने' आणि 'प्रतिभटने' असे शब्द आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून दर वर्षी १ नोव्हेंबरला येथील मराठी माणसे काळा दिन पाळतात आणि निषेध फेरी काढतात. त्या दिवसांत जमावबंदी लागू झाली, तर एकाच गावात मराठी फलकावरचा 'निषेध' आणि कन्नड आदेशातला 'निषेध' समोरासमोर येतात : एक लोकांचा, दुसरा सरकारचा. लहानपणी मला कन्नड शाळेतल्या मित्राने विचारले होते की तुम्ही कशावर बंदी घालायला निघाला आहात? मला उत्तर देता आले नव्हते.

हिंदी आणि बंगालीची स्थितीही कन्नडसारखीच आहे. स्थानकावर 'धूम्रपान निषेध' अशी हिंदी पाटी असते, तिथे मराठीत 'धूम्रपानास मनाई' असते. बंगालीत 'प्रवेश निषेध' म्हणजे आत येऊ नये. हिंदीतली 'निषेधाज्ञा' म्हणजे मराठीतला मनाई हुकूम. हिंदीत 'मद्यनिषेध' आहे, तर आपल्या कायद्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ असे आहे. मनाईसाठी आपल्याकडे मनाई, बंदी, मज्जाव असे रोजच्या वापरातले शब्द आधीपासून होते, म्हणून 'निषेध' मोकळा झाला आणि त्याने नवे काम पत्करले, असा माझा तर्क आहे.

विधिनिषेध :

सीमाभाग यांचा तर्क मला पटतो. एक भर घालतो. कायद्याच्या भाषेत जुना अर्थ टिकवायची वेळ आली, तेव्हा मराठीने 'प्रतिषेध' हा त्याच धातूपासूनचा शब्द पुढे केला. संविधानाच्या अनुच्छेद ३२ मधील प्राधिलेखांच्या (रिट) नावांत तो आहे. 'भेदभाव करण्यास मनाई' असे अनुच्छेद १५ चे मराठी शीर्षक आहे. 'निषेध' तेथे घातला असता, तर मराठी वाचकाला संविधान भेदभावाविरुद्ध सभा घेत आहे असे वाटले असते.

मुद्रितशोधक :

मी एका दैनिकाच्या संपादकीय विभागात पंचवीस वर्षे मजकूर तपासला. हा शब्द माझ्या टेबलावरून रोज जात असे, त्यामुळे त्याचा चुकीचा वापर कोठे होतो हे सांगू शकतो आणि त्यावरून त्याचा अर्थही थोडा उलगडेल.

निषेध कृत्याचा होतो. ते कृत्य कोणीतरी केलेले असावे लागते आणि करणाऱ्याला ते न करण्याची मोकळीक असावी लागते. भूकंपाचा, अवर्षणाचा किंवा आजाराचा निषेध होत नाही. तरीही 'मृत्यूच्या निषेधार्थ गाव बंद' अशी बातमी माझ्याकडे येत असे. मृत्यूचा शोक होतो, निषेध हत्येचा होतो किंवा ज्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला त्या निष्काळजीपणाचा होतो. अशी बातमी आली की मी वार्ताहराला दूरध्वनी करून विचारत असे की लोकांचा राग नेमका कशावर आहे, आणि त्याला बहुतेक वेळा उत्तर माहीत असे, फक्त लिहायचे राहिलेले असे. 'महागाईचा निषेध' हा प्रयोग मात्र मी कधी खोडला नाही. महागाई आपोआप येत नाही, तिच्यामागे धोरण आहे, असे म्हणणाऱ्याचे मत त्या शब्दातच असते आणि ते त्याचे मत आहे.

दुसरी गोष्ट, निषेध मनातल्या मनात करता येत नाही. तिरस्कार करता येतो, नापसंती बाळगता येते, रोष धरता येतो. निषेध उच्चारला, लिहिला किंवा दिसेल असा दाखवला तरच तो झाला. म्हणून 'निषेध नोंदवणे' हे क्रियापद त्याला सर्वांत चांगले शोभते. 'जाहीर निषेध' यातील 'जाहीर' मला नेहमीच अनावश्यक वाटत आले आहे. 'तीव्र', 'कडक', 'जळजळीत' ही विशेषणेही मी कमी करत असे. निषेधाला विशेषण लावले की विशेषण नसलेला निषेध दुबळा ठरतो आणि मग पुढच्या वेळी दोन विशेषणे लावावी लागतात.

तिसरी गोष्ट 'निषेधार्थ' या रूपाची. या एका रूपाने मराठीत मोठी सोय झाली आहे, कारण कोणतीही कृती त्याच्या आधाराने निषेधाची होऊ शकते : राजीनामा, उपवास, काळी फीत, सभात्याग, कोरा कागद. चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनामा एरवी प्रकृतीच्या कारणाने किंवा वयोमानाने दिला जातो, तो 'निषेधार्थ' दिला की त्याच कागदाचा अर्थ पालटतो. आणीबाणी लागू झाल्यावर जून १९७५ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या जागेत एक अक्षर नव्हते आणि तरी तो निषेध होता. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावर असलेल्या दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. प्रार्थनेत निषेधाचे काही नसते, पण त्या व्यासपीठावर, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना केलेली ती प्रार्थना काय होती हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळले. मला या दोन्ही घटना आपल्या सभेच्या संदर्भात महत्त्वाच्या वाटतात, कारण निषेध म्हणजे आरडाओरडा असा जो समज आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा आहे, तो त्यांनी खोटा ठरतो.

टिपणी :

मी मंत्रालयात लघुलेखक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सचिवताईंच्या सभेत 'ठपका' सुचवणाऱ्या सदस्यांना माझा नम्र विरोध आहे, आणि तो भाषेच्या आणि नियमाच्या अशा दोन्ही कारणांनी आहे.

शासकीय भाषेत 'ठपका ठेवणे' ही एक शिक्षा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यातील नियम ५ मध्ये किरकोळ शिक्षा दिल्या आहेत आणि त्यांत पहिली शिक्षा हीच आहे. ती देण्यापूर्वी कर्मचाऱ्याला दोषारोप कळवावे लागतात, त्याचे निवेदन घ्यावे लागते, त्यावर विचार करून कारणांसह आदेश काढावा लागतो आणि त्याची नोंद त्याच्या सेवेच्या कागदपत्रांत राहते. त्याविरुद्ध त्याला अपील करता येते. ताकीद किंवा समज या गोष्टी या यादीत नाहीत. 'भविष्यात काळजी घ्यावी' अशी समज दिली म्हणजे शिक्षा केली असे होत नाही. हा फरक न कळल्यामुळे पदोन्नतीच्या वेळी किती कर्मचाऱ्यांच्या धारिका अडकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत, ते सांगत बसलो तर विषय सोडल्यासारखे होईल.

तात्पर्य असे की ठपका वरून खाली येतो. ज्याला शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार आहे, त्यानेच तो ठेवायचा. चौकशी समिती किंवा न्यायालय आपल्या अहवालात वा निकालात एखाद्या यंत्रणेवर ठपका ठेवते, ताशेरे ओढते, तेही अधिकाराच्या पायरीवरूनच. वाचनालयाचे कार्यकारी मंडळ त्या कार्यालयाचे वरिष्ठ नाही. त्याने ठपका ठेवला असे लिहिले, तर कागद वाचणारा अधिकारी 'यांना हा अधिकार कोणी दिला' एवढेच म्हणेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

विधिमंडळातही हीच काटेकोर वाटणी आहे. अविश्वास ठरावाला कारण द्यावे लागत नाही. लोकसभेत नियम १९८ खाली पन्नास सदस्यांचा पाठिंबा मिळाला की तो चर्चेला येतो. लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानी यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध मांडला होता. निंदाव्यंजक ठरावात मात्र कोणत्या धोरणाबद्दल किंवा कृतीबद्दल निंदा केली जात आहे, ते नमूद करावे लागते. तो एका मंत्र्याविरुद्धही मांडता येतो. तो मंजूर झाला म्हणून सरकार आपोआप पायउतार होत नाही. औपचारिक नापसंती जितकी मोजकी आणि नेमकी असेल, तितकी ती कागदावर टिकते, हे मी तिथे शिकलो.

मुद्रितशोधक :

टिपणी यांचा प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. मात्र 'निंदाव्यंजक' हा शब्द सभागृहाबाहेर आणू नये. सध्या हिंदी निवेदनांच्या प्रभावाने मराठी बातम्यांत 'हल्ल्याची कडक निंदा केली' असे सर्रास येऊ लागले आहे. मराठीत निंदा म्हणजे एखाद्याच्या पाठीमागे त्याचे उणे बोलणे. निंदानालस्ती, परनिंदा, 'निंदकाचे घर असावे शेजारी' या सगळ्यांत तीच निंदा आहे. ती ओसरीवर बसून करतात. समोर उभे राहून, नाव सांगून, सही करून जे करायचे त्याला आपल्याकडे निषेध म्हणतात. एवढा स्पष्ट फरक करणारे दोन शब्द आपल्यापाशी असताना ते एकत्र कालवण्याचे कारण मला दिसत नाही.

विधिनिषेध :

निंदेबद्दल मीमांसकांचे एक सूक्ष्म निरीक्षण आहे, ते येथे सांगण्याजोगे आहे. त्याला 'नहिनिन्दान्याय' म्हणतात. शास्त्रात एखाद्या गोष्टीची निंदा येते, तेव्हा तिचा हेतू त्या गोष्टीला वाईट ठरवण्याचा नसतो, तिच्याऐवजी जे करायचे सांगितले आहे त्याची प्रशंसा करण्याचा असतो. म्हणजे त्यांच्या लेखी निंदा ही अर्थवादात जाते आणि निषेध हा स्वतंत्र विभाग राहतो. निंदेतून कर्तव्य थेट निघत नाही, निषेधातून निघते. मुद्रितशोधक यांनी मराठीतला जो फरक दाखवला, त्याची एक जुनी छाया येथे आहे असे मला वाटते.

'धिक्कार' विषयी थोडेसे. 'धिक्' हे अव्यय आहे आणि संस्कृतात ते ज्याच्यासाठी वापरायचे त्याची द्वितीया होते. भर्तृहरीचे 'धिक् तां च तं च मदनं च इमां च मां च' प्रसिद्ध आहे. त्यात कवीने शेवटी स्वतःलाही धिक्कारले आहे. धिक्कार माणसाचा होतो, कृत्याचा होतोच असे नाही, आणि स्वतःचाही होऊ शकतो. स्वतःचा निषेध करणारा मी अजून पाहिलेला नाही. धिक्कारात भावनेचा आवेग प्रधान असतो, म्हणून तो घोषणेत शोभतो. ठरावात 'धिक्कार करते' असे लिहू नये, असे माझे मत.

हक्कनोंद :

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. निषेधाने काही होत नाही, ती फक्त शब्दांची वाफ आहे, असे अनेक अशिलांना वाटते, म्हणून कायद्यातले एक उदाहरण देतो.

भूसंपादनात शेतकऱ्याला मोबदल्याची रक्कम देऊ केली जाते. ती त्याला अपुरी वाटते, पण घरात गरज असते, म्हणून तो घेतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ३१ नुसार त्याने ती रक्कम निषेध नोंदवून, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तशी 'अंडर प्रोटेस्ट' स्वीकारली, तरच त्याला वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली न्यायालयाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येत असे. निषेध न नोंदवता रक्कम घेतली की तो दरवाजा बंद. २०१३ च्या कायद्यातही कलम ७७ मध्ये हीच तरतूद आली आहे. पावतीवर सहीच्या वर 'हक्क राखून व निषेध नोंदवून रक्कम स्वीकारली' एवढे लिहिले होते की नव्हते, यावर माझ्या पाहण्यात एका कुटुंबाच्या दोन भावांची नशिबे वेगळी झाली. थोरल्याने लिहिले होते. धाकट्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून निषेधाची माझी व्याख्या अशी आहे : जे घडले ते मी रोखू शकलो नाही, परंतु ते मला मान्य होते असे उद्या कोणी म्हणू नये, यासाठी आज केलेली नोंद. मौन हे संमतीचे लक्षण मानले जाते, आणि ते तसे मानू देत नाही तो निषेध.

'हरकत' हा शब्द येथे चालणार नाही, हेही सांगतो. हरकत काम पूर्ण होण्यापूर्वी घ्यायची असते. फेरफाराची नोंद प्रमाणित होण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस असते, त्या मुदतीत हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून नोंदले जाते आणि त्याची सुनावणी होते. हरकतीने प्रक्रिया थांबते. ताई, आपले खंड भिजून गेले आहेत. आता हरकत घेण्याची वेळ उरलेली नाही.

शब्दसेतू :

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते. वरील चर्चा वाचताना माझी एक रोजची अडचण आठवली. आंतरराष्ट्रीय ठरावांत नापसंतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि एकेका क्रियापदावर राजदूतांच्या बैठका रात्रभर चालतात. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरील आक्रमणाविषयीचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला आणि भारतासह ३५ देश तटस्थ राहिले. त्या ठरावात आक्रमणासाठी वापरलेले क्रियापद 'डिप्लोअर' आहे आणि अण्वस्त्र दलांची सज्जता वाढवण्याच्या निर्णयासाठी 'कंडेम' आहे. पहिला शब्द दुसऱ्यापेक्षा एक पायरी खालचा मानला जातो. मी दोन्हींना 'निषेध' लिहिले असते, तर ठराव करणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला फरक मराठीत पुसला गेला असता. 'खेद' लिहावे तर तो फारच सौम्य, कारण खेद चूक करणाराही व्यक्त करतो. शेवटी मी पहिल्यासाठी 'तीव्र शब्दांत नापसंती' आणि दुसऱ्यासाठी 'निषेध' असे लिहिले. त्यावर मी आजही पूर्ण समाधानी नाही.

ग्रंथपेटीताईंसाठी यातून एवढे निघते की 'खेद' हा शब्द आपल्या ठरावात मुळीच नसावा. 'खंड भिजल्याबद्दल सभा खेद व्यक्त करते' असे वाक्य वाचणाऱ्याला ते आपल्याच हातून भिजले असे वाटेल.

टिपणी :

शब्दसेतू यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. 'नापसंती' मात्र मी अगदी बाद करणार नाही. ती कागदोपत्री शिष्ट आहे आणि संबंध राखते. आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या मनातील भीती अवाजवी नाही. लहान संस्थेला कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

हक्कनोंद :

टिपणी यांचा मान राखून लिहितो. नापसंती ही आवडीनिवडीच्या बाजूची आहे. रंग नापसंत असतो, स्थळ नापसंत होते. समोरच्याला 'तुम्हाला आवडले नाही, आम्हाला योग्य वाटले' असे म्हणता येते आणि तेथे विषय संपतो. निषेधाला असे उत्तर देता येत नाही, कारण निषेध करणारा आवडीबद्दल बोलत नसतो, हे व्हायला नको होते असे तो म्हणत असतो. विधिनिषेध सरांनी सांगितलेला 'करू नको' हा मूळ अर्थ आजच्या निषेधातही तळाशी शिल्लक आहे, तो येथे उपयोगी पडतो. संबंध राखण्याचे काम भाषेच्या सभ्यतेने करावे, त्यासाठी शब्द बदलू नये.

सीमाभाग :

आणखी एक सूचना. निषेध कार्यालयाचा करू नये, कृतीचा करावा. आमच्याकडे साठपेक्षा अधिक वर्षे फेऱ्या निघत आहेत. 'अमक्याचा निषेध असो' या घोषणेने शेजारचा कन्नड दुकानदारही दुखावतो, ज्याचा त्या निर्णयाशी काडीचा संबंध नाही. 'अमक्या निर्णयाचा निषेध' म्हटले की तो आमच्याशी चहा पिताना वाद तरी घालू शकतो. हा अनुभव आहे, म्हणून लिहिले.

ग्रंथपेटी :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तहकूब सभा काल झाली. मी येथील प्रतिसादांची छापील प्रत सभेत वाचून दाखवली. 'निषेध हा मोर्चातला शब्द' असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांनी कोऱ्या अग्रलेखाचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. तो अंक त्यांनी तरुणपणी स्वतः पाहिला होता, असे त्यांनी सांगितले आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. नंतर त्यांनीच ठरावाचे सूचक होण्याची तयारी दाखवली. मंजूर झालेला ठराव असा :

"ठराव क्रमांक ४ : वाचनालयाच्या मुक्त वाचन कक्षातील नियतकालिकांचे बांधीव खंड वाचनालयास लेखी पूर्वसूचना न देता उघड्या पडवीत हलवण्यात आले व त्यामुळे त्रेचाळीस खंड पावसात भिजून खराब झाले. या कृतीचा ही सभा निषेध करते. या कृतीची जबाबदारी निश्चित करावी, खंडांच्या दुरुस्तीचा खर्च मिळावा आणि यापुढे वाचनालयाचा संग्रह लेखी संमतीशिवाय हलवला जाऊ नये, अशी मागणी ही सभा करत आहे."

बाजूने नऊ मते पडली, विरोधात दोन. विरोध करणाऱ्या दोघांनी आपले भिन्न मत इतिवृत्तात नोंदवावे अशी विनंती केली आणि मी ते त्यांच्याच शब्दांत नोंदवले आहे.

आज सकाळी ठरावाची प्रत घेऊन मी स्वतः त्या कार्यालयात गेले. आवक नोंदवहीत विषयाच्या रकान्यात लिपिकाने 'तक्रार अर्ज' असे लिहायला सुरुवात केली होती. मी त्यांना म्हटले, "दादा, ही तक्रार नाही, निषेधाचा ठराव आहे, तसेच लिहा." त्यांनी प्रत वाचली, 'तक्रार' या शब्दावर रेघ मारली आणि पुढे 'निषेध ठराव, वाचनालय, पान १' असे लिहून पोच दिली. त्यांनी 'निषेध'मधला 'ष' बरोबर लिहिला होता.